करकोचा आला नव्हता

मी बेसिन बोलतोय. बोलायची हौस आहे म्हणून नाही. पन्नास वर्षं गप्प होतो, आणखी पन्नास राहिलो असतो. पण ही स्तोइना. रोज संध्याकाळी मिरच्या धुवायला, नाहीतर हाताची माती काढायला माझ्यापाशी येते आणि पाणी सोडता सोडता तेच म्हणते, "तू तिथंच होतास रे बाबा. तू सांग." डोकं उठवलंय तिनं. तर सांगून टाकतो एकदाचं.

आधीच सांगतो, मी शिकलेला नाही. सगळे कागद माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवायचे, त्यामुळं मला ते कधी दिसलेच नाहीत. जे ऐकलं, जे पाहिलं आणि जे गिळलं, तेवढंच माझ्यापाशी आहे.

जन्म मातीतला. डोंगराकडच्या एका कारखान्यात मला साच्यात ओतलं, वाळवलं, भट्टीत घातलं. बाहेर आलो तेव्हा काठावर एक तपकिरी ठिपका राहिला होता. तपासणाऱ्यानं त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "घरात कोण घेणार हे. दवाखान्याला चालेल." माझ्या आयुष्याचा निकाल एवढ्यात लागला.

डॅन्यूबकाठच्या गावात, दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर, बाळंतिणींच्या विभागात नव्या बाळांची खोली होती. तिथल्या भिंतीत मला बसवलं. समोर दहा पाळणे, पाळण्यांच्या मागं खिडकी. खिडकीतून खालचं आलुबुखाराचं झाड दिसायचं आणि त्याच्या पलीकडं धोबीखान्याची चिमणी. चिमणीवर करकोच्याचं घरटं. चाळीस वर्षं मी हेच पाहिलं, दुसरीकडं मान वळवायची सोय नव्हती.

माझ्या नळाला लांब दांडा होता. कोपरानं ढकलायचा, म्हणजे धुतलेला हात पुन्हा कशाला लागत नाही. चाळीस वर्षांत तो दांडा रोज, न सांगता कोपरानं ढकलणारी माणसं किती भेटली म्हणाल तर दोन. एक सिस्टर राइना, दुसरी ही स्तोइना. बाकीचे हातानं उघडायचे, हात धुवायचे आणि त्याच घाण दांड्याला धरून बंद करायचे. मग एप्रनला हात पुसायचे. एप्रनवर दुपारचं सूप सांडलेलं असायचं.

राइना होती तोवर हे तिच्यासमोर चालायचं नाही. मुख्य सिस्टर. अंगानं बारकी, आवाजानं अजिबात नाही. माझ्या शेजारी उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येकाचे हात बघायची.

"अंगठा राहिला."

"धुतला की, सिस्टर."

"मी आंधळी आहे का? अंगठा राहिला म्हणते ना."

पुन्हा पाणी, पुन्हा साबण. मोठमोठे डॉक्टर शाळेतल्या पोरांसारखे अंगठे चोळत उभे राहायचे.

आमच्याकडं एक मार्चला मनगटात मार्तेनित्सा बांधतात. लाल-पांढरा लोकरीचा दोरा. वर्षभर तब्येत धड राहावी म्हणून बांधायचा, आणि त्या वर्षीचा पहिला करकोचा दिसला की सोडून मोहरलेल्या झाडाला बांधायचा. तोवर दोरा काढायचा नाही. अंघोळीत नाही, झोपेत नाही. आईनं बांधलेला, पोरांनी बांधलेला, शेजारणीनं बांधलेला, एकेका हातात चार-पाच. दोन-तीन आठवड्यांत त्या लोकरीचं काय होतं ते मला विचारा.

राइना एक मार्चला दाराशी पांढरी इनॅमलची वाटी ठेवायची. आत येताना मार्तेनित्सा वाटीत काढायची, घरी जाताना पुन्हा बांधायची. पहिल्या वर्षी तरणा डॉक्टर बेल्चेव दारातच अडला होता. नुकताच लागलेला, केस तेलानं चापून बसवलेले.

"सिस्टर, ही काढायची नसते. तब्येतीसाठी असते."

"तुमच्या तब्येतीसाठी. आत दहा जणं आहेत, त्यांच्या तब्येतीचं मी बघते. काढा."

काढली त्यानं. पुढं सोळा वर्षं काढली. राइना उभी असली की दांडाही कोपरानं ढकलायचा. मी हे मुद्दाम सांगतोय. त्याला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

स्तोइना सफाईला लागली ती राइनाच्या हाताखाली. टोमॅटोच्या शेतावरून आलेली, नवरा गेलेला, पोरबाळ नाही. राइनानं तिला पहिले तीन दिवस झाडू दिलाच नाही, नुसते हात धुवायला लावले. ते जे तिच्या अंगात बसलं ते बसलं. रोज सकाळी माझ्या घशात ब्रश घालायची, मग किटलीभर उकळतं पाणी ओतायची, मग औषध. औषधानं तिच्या बोटांची सालं निघायची. मला चटके बसायचे. दोघांनीही तक्रार केली नाही.

राइना निवृत्त झाली. बेल्चेव तोवर मुख्य डॉक्टर झाला होता. पुढच्या मार्चला वाटी होती, पण सिस्टरांच्या टेबलावर. तिच्यात सूर्यफुलाच्या बिया होत्या.

नवी मुख्य सिस्टर नेवेना. वाईट बाई नव्हती, घाईतली बाई होती. दहा बाळांना दोन सिस्टर, त्यातली एक कायम रजेवर. सकाळी हातमोजे चढवले की दुपारपर्यंत तेच. त्याच हातमोज्यांनी लंगोट, त्याच हातमोज्यांनी दुधाची बाटली, त्यांनीच फोन. माझ्या डोक्यावर एक तक्ता लागला होता, हात धुतले की सही करायची. सोमवारी सकाळी नेवेना खुर्चीवर चढून सगळ्यांच्या आठवड्याच्या सह्या करून टाकायची. तपासणी येणार असा फोन आला, की साबणाची बाटली माझ्यात उपडी करायची, म्हणजे साबण खपल्यासारखा दिसतो. त्या दिवशी माझ्या तोंडाला फेस यायचा आणि एकाचेही हात ओले नसायचे.

स्तोइना मात्र मार्तेनित्सा दाराच्या खिळ्याला अडकवूनच आत यायची.

"मावशी, तुला काय आजारी पडायचंय का?" नेवेना म्हणायची. "काढलीस की गेली ना तब्येत."

"खिळा ठणठणीत आहे बघ त्यामुळं," स्तोइना म्हणायची आणि फरशी पुसायला लागायची.

तो मार्च आता सांगतो. बारा वर्षं झाली.

त्या वर्षी बेल्चेवच्या हातात नातीनं वळलेली मार्तेनित्सा होती. जाड, लोंबते गोंडे, मधे एक निळा मणी. पोरीनं कच्च्या रंगाची लोकर वापरली होती, पाणी लागलं की लाल रंग उतरायचा. म्हणून तो नुसती बोटं भिजवायचा. मनगट वर धरून, बोटांची टोकं पाण्याखाली, एक-दोन-झालं. तरी एखादा थेंब गळायचाच आणि माझ्या काठावर गुलाबी डाग पडायचा. स्तोइना तो पुसायची. एकदा पुसता पुसता म्हणाली, "डॉक्टर, राइनाबाई असत्या तर..."

"राइनाबाई आता कोंबड्या पाळतात," तो म्हणाला. नेवेना हसली. स्तोइनानं फडकं पिळलं.

मग तो पाळण्यांकडं जायचा, वाकायचा, बाळाला उचलायचा. गोंडे बाळाच्या तोंडावरून फिरायचे. एकाच्या झाले की दुसऱ्याच्या. मी समोरच होतो.

महिना अर्धा सरला आणि दाराजवळच्या पाळण्यातला पोरगा तापला. दूध घेईना. दोन दिवसांनी मधला. दोघांना मोठ्या गावच्या दवाखान्यात हलवलं, ते वाचले. मग खिडकीजवळची पोरगी. इवेलिना नावाच्या बाईची, सहा दिवसांची. तिला हलवायला गाडी यायची होती. गाडी रविवारी दुपारी आली, पोरगी सकाळी गेली होती. पाळणा स्तोइनानं धुतला. मी पाणी दिलं. 

मंगळवारी जिल्ह्याहून तपासणीची बाई येणार, असा सोमवारीच फोन आला. मंगळवारी सकाळी बेल्चेव आला तो मोकळ्या मनगटानं. मनगटावर फिकट पट्टा होता, दोऱ्याच्या जागी.

"डॉक्टर, मार्तेनित्सा?" नेवेनानं विचारलं.

"करकोचा दिसला सकाळी."

"इतक्यात? कुठं?"

"नदीकडं. येताना."

नेवेनानं खिडकीतून पाहिलं. मीही पाहिलं. चिमणीवरचं घरटं रिकामं होतं. खाली झाडाला मात्र एक मार्तेनित्सा बांधलेली दिसत होती, मोहरलेल्या फांदीला, एकटीच. निळा मणी उन्हात चमकत होता. करकोचा आला असता तर झाड असल्या दोऱ्यांनी भरलं असतं.

नेवेना खिडकीपासून बाजूला झाली.

मग सगळ्यांनी हात धुतले. राइना निवृत्त झाल्यापासून तसे हात धुतलेले मी पाहिले नव्हते. कोपरापर्यंत, ब्रश घेऊन, अंगठे सुद्धा. तपासणीची बाई कापूस गुंडाळलेल्या काड्या घेऊन आली. प्रत्येकाच्या हातावर एक काडी फिरवली, पाळण्यांवर फिरवली, नळाच्या तोंडावर फिरवली. शेवटी एक लांब काडी माझ्या घशात घातली.

सापडलं. माझ्या घशात सापडलं. तेच जंतू, जे पोरांच्या रक्तात होते.

मी नाकारत नाही. उकळतं पाणी नळीच्या पहिल्या वाकणापर्यंत पोचतं, त्याच्या खाली चाळीस वर्षांची बुळबुळ आहे. सगळ्या विभागानं जे हातावरून उतरवलं ते मीच गिळलंय, तर माझ्यात नाही सापडणार तर काय वेशीवरच्या देवळात सापडणार? त्यातलं थोडं उडून कुणाच्या हाताला लागलंही असेल. पण घाण हातावरून माझ्यात आली का माझ्यातून हातावर गेली, हे काडीला कळत नाही. आणि माझ्यातून गेली असली तरी पाळण्यापर्यंत मी काही चालत गेलो नव्हतो. मला पाय नाहीत.

आठवड्यानं कागद आला. बेल्चेवनं तो माझ्यासमोरच वाचला, स्तोइनाला उभं करून.

"उगम, बाळांच्या खोलीतलं बेसिन. कारण, सफाईत हयगय." चष्मा काढला. "मी काय करू सांग, स्तोइना."

"मी रोज ब्रश घालते, डॉक्टर. उकळतं पाणी ओतते. तुम्ही बघता."

"बघतो ग. पण कागदात हे लिहिलंय."

"कागदात मार्तेनित्सा लिहिलीय का?"

त्यानं चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाला, "कुठली मार्तेनित्सा?"

स्तोइनानं कचऱ्याची बादली उचलली आणि खाली गेली. मला खिडकीतून दिसत होतं. झाडाखाली जाऊन तिनं बादली ठेवली. नेवेनाही खिडकीशी आली. स्तोइनाच्या खिशात दुधाच्या बाटल्या झाकायच्या त्या स्वच्छ पिशव्या असायच्या, त्यातली एक काढून तिनं तोंड उघडून धरली. काळपट लोकर, निळा मणी. पिशवीत घालायची, जिल्ह्याच्या बाईकडं पाठवायची, काडी फिरवा म्हणायचं. एवढंच काम होतं. तिनं हात वर केला. बोटं मण्यापर्यंत पोचली.

 मग हात खाली घेतला, पिशवीची घडी केली, बादली उचलली.

वर आल्यावर नेवेनानं हळूच विचारलं, "काय करत होतीस ग खाली?"

"काही नाही. दुसऱ्यानं तब्येतीसाठी बांधलेली आपण सोडायची नसते."

"अग, पण तुझी नोकरी..."

"पोरीनं वळलीय ती. नातीनं. तिला काय माहीत."

असली ही बाई. मला तेव्हा राग आला होता असं वाटतं. आता नक्की आठवत नाही.

 नेवेना माझ्याकडं आली, दांडा कोपरानं ढकलला आणि हात धुतले. बोलली मात्र काही नाही, तेव्हा नाही आणि वरच्यांनी विचारलं तेव्हाही नाही. तिला दोन मुलं होती.

दुसऱ्या दिवशी इवेलिना आली, पोरीचे कागद घ्यायला. ऑफिसात जायचं सोडून ती थेट खोलीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. काठाला हात लावून बघितलं. तिच्यापर्यंत बातमी पोचली होती.

"हेच का?"

स्तोइना पाळणे पुसत होती. "हो."

"तुम्ही धुतलं नव्हतं का हो?"

"धुतलं होतं, पोरी."

"मग?"

दारात बेल्चेव उभा होता. स्तोइनानं त्याच्याकडं पाहिलं. इवेलिनानंही मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. त्याला एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन. तो म्हणाला, "चला बाई, सही राहिलीय तुमची."

ती गेली. जाताना तिनं स्तोइनाकडं जसं पाहिलं, ते मी पाहिलं. बारा वर्षांत स्तोइनाच्या मनातून ते गेलेलं नाही. म्हणून तर ती रोज मला विचारते.

त्याच आठवड्यात नळवाल्यानं मला भिंतीतून उपटलं. हातोड्याचे दोन घाव, एक शिवी. मी जमिनीवर आलो तेव्हा खिडकीचं नुसतं वरचं टोक दिसत होतं. त्या टोकातून पंख गेले, आणि चिमणीवर करकोचा उतरला. खालच्या अंगणात बायकांनी गलका केला, सगळ्या दोरे सोडायला झाडाकडं धावल्याचं ऐकू आलं.

स्तोइनाला काढलं. शेवटच्या दिवशी मी मागच्या आवारात मोडक्या खाटांच्या ढिगावर पडलो होतो. तिनं हातगाडी आणली.

"हे टाकलेलंच आहे ना?" तिनं राखणदाराला विचारलं.

"मावशी, याच्यामुळंच तर तुझं हे झालं. फोड की त्याला."

"चांगलं आहे. कशाला फोडू."

तेव्हापासून मी तिच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली चार विटांवर आहे. नळ गेला, दांडा गेला, आता वरून रबरी पाइप आहे. घशाखाली बादली. शरद ऋतूत माझ्यात पोतीच्या पोती तांबड्या मिरच्या धुतल्या जातात. एरवी भांडी, भाज्या, तिचे हात. रोज सकाळी अजून उकळतं पाणी ओतते. बादलीत पडतं ते पाणी, कुणाला त्याचा उपयोग नाही. तरी ओतते.

गावात तिला "ती बेसिनवाली" म्हणतात. दुकानात ती गेली की बायका दुसरं काही बोलायला लागतात. कुणी तोंडावर काही म्हणत नाही. इवेलिना त्याच रस्त्यानं बाजाराला जाते. स्तोइनाचं फाटक आलं की पलीकडच्या कडेनं चालते.

नेवेना एकदा येऊन गेली. बाकावर बसली, कॉफी प्यायली.

"नवं बेसिन आलं, मावशी. चकचकीत. पुढच्याच मार्चला परत एक पोरगं तापलं."

"मग आता कुणाला काढलं?"

"कुणालाच नाही. वाचलं ते." कपात बघत म्हणाली, "वाटी मी परत दाराशी ठेवलीय. बिया टाकून दिल्या."

"डॉक्टर काढतो?"

"काढतो. बोलत नाही, पण काढतो."

स्तोइनानं मान हलवली आणि तिला लोणच्याची बरणी दिली. मला दोघींनीही काही विचारलं नाही.

आणि आता या मार्चची गोष्ट. दहा-बारा तारीख असेल. फाटकाबाहेर सायकल पडल्याचा आवाज आला. म्हातारा माणूस, साखळी निसटलेली, दोन्ही हात काळे.

"बाई, जरा पाणी मिळेल का?"

घर कुणाचं ते त्याला माहीत नव्हतं. स्तोइना भांडी घासत होती, तिची मार्तेनित्सा मांडवाच्या खिळ्याला अडकवलेली होती. तिनं त्याला ओळखलं. "या," म्हणाली आणि बाजूला झाली.

तो माझ्यावर वाकला आणि त्याचं उजवं कोपर बाजूला गेलं. दांडा असायचा तिथं. काही लागलं नाही, कोपर हवेतच राहिलं. मग त्यानं खाली पाहिलं. काठावरचा तपकिरी ठिपका पाहिला. बराच वेळ पाहिला.

स्तोइनानं पाइप सोडला. त्यानं साबण घेतला. बोटं, बोटांच्या मधलं, तळवे, दोन्ही अंगठे, मनगटं, मनगटांच्या वर चार बोटं. काळं कधीच गेलं होतं, तरी धूतच राहिला. मनगट मोकळं होतं.

"मार्तेनित्सा नाही, डॉक्टर?"

"हल्ली नाही बांधत."

"नातीनं नाही दिली?"

"देते. ठेवून देतो." पाणी वाहत होतं. "नाही बांधत."

तिनं टॉवेल पुढं केला. त्यानं एकेक बोट पुसलं.

"चांगलं ठेवलंयस हे," तो म्हणाला.

"रोज उकळतं पाणी ओतते. तेव्हाही ओतत होते."

ती थांबली. मीही थांबलो. पाइपातून थेंब पडत होता. त्याचं तोंड उघडलं, मी सांगतो, उघडलं होतं. मग त्यानं टॉवेलची घडी केली, काठावर ठेवली, साखळी बसवली आणि गेला. फाटकापासून माझ्यापर्यंत सात पावलं आहेत. परत यायला सात पावलं.

स्तोइनानं टॉवेल धुतला. संध्याकाळी पुन्हा तेच, "तू तिथंच होतास रे बाबा."

होतो. हे घे, सांगितलं. वाचणाऱ्यांनो, इवेलिनापर्यंत पोचवता आलं तर पोचवा. तुम्ही हात धुता का नाही याच्याशी मला काही देणंघेणं नाही, अंगठा राहतो एवढं लक्षात ठेवा. माझ्या काठाला चीर गेलीय, एखाद्या थंडीत मी दोन तुकडे होईन, मला त्याचं काही वाटत नाही. पण त्याआधी ती सात पावलं कुणीतरी चालायची राहिलीत. स्तोइनासाठी चालला तर बरं. माझ्यासाठीही चालायला हरकत नाही, उगम म्हणून माझंच नाव वाचलं होतं. माणूस जिवंत आहे, पाय धड आहेत, सायकल चालवतो. नदीकडच्या गल्लीत शेवटचं घर, डॉक्टर ओग्न्यान बेल्चेव.